सवाल-जवाब : माळ्यावरची रेसर पुन्हा रस्त्यावर

गेल्या अंकात आम्ही वाकड्या हँडलच्या, गिअरवाल्या जुन्या पोलादी सायकलींबद्दल प्रश्न मागवले होते. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : वडिलांची ऐंशीच्या दशकातली रेसर माळ्यावर पडून आहे. मिस्तरी म्हणतो, ‘हाई सायकल आते भंगारमा दी टाक.’ खर्च करण्याआधी फ्रेम चांगली आहे की नाही, हे कसं ओळखायचं?
— वाचक, धुळे

उत्तर : वरचा गंज पाहून निकाल देऊ नका. आधी सायकल उलटी करा आणि हँडलच्या नळीला जिथे खालची तिरकी नळी जुळते, तिथून चार-पाच सेंटिमीटर मागे तिच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. उंचवटा लागला किंवा रंगाला सुरकुती दिसली, तर सायकलने कधीतरी समोरून धडक खाल्ली आहे. अशी फ्रेम सोडून द्या. मग चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बाजूने पाहा. तो हँडलच्या नळीच्या सरळ रेषेत खाली येऊन टोकाशी पुढे वळायला हवा, मागे दबलेला नको.

पुढची तपासणी दोऱ्याची. मागचं चाक काढा. उजवीकडच्या एक्सलच्या खाचेला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि डाव्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हींत एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच मिलिमीटर असेल तर मागचा भाग एका बाजूला झुकला आहे. पोलाद असल्याने तो सरळ होतो, पण ते जाणत्याचं काम आहे. तडे शोधायचे ते तीन जागी : पायडलच्या एक्सलजवळ चेनच्या बाजूच्या खालच्या नळीवर, मागच्या खाचांच्या मुळाशी आणि सीटच्या बोल्टजवळ.

फ्रेमचा दर्जा स्टिकरपेक्षा सीटपोस्टचा व्यास जास्त खरा सांगतो. व्हर्निअरने मोजा. २७.२ मिमी भरला तर नळ्या पातळ आणि चांगल्या पोलादाच्या असण्याची शक्यता मोठी. रेनॉल्ड्स ५३१ या १९३५ पासूनच्या प्रसिद्ध नळ्यांच्या बऱ्याच फ्रेमना हेच माप येतं. २५.४ च्या आसपास भरला तर नळ्या जाड, साध्या पोलादाच्या. तशी फ्रेम सरळ असेल तर भंगारात घालायचं कारण नाही, पण तिच्यावर टायर, छर्रे, केबल आणि ब्रेक यापलीकडे खर्च करू नका.

प्रश्न : चाकं २७ इंची, लोखंडी क्रोमच्या रिमची आहेत. ७०० सी ॲल्युमिनियमची चाकं बसतील का? आणि एवढा खर्च करावा का?
— वाचक, जळगाव

उत्तर : जुन्या रेसरवर एकच मोठा खर्च करायचा असेल तर तो हाच करा. क्रोमची रिम पावसात भिजली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं आणि सायकल थांबायला कोरड्याच्या अनेक पट अंतर लागतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड मिळते. शिवाय जोडीमागे अर्धा-पाऊण किलो वजन कमी होतं, ते वेगळंच.

मापाचं गणित असं. २७ इंची टायर रिमवर जिथे बसतं, तिथला व्यास ६३० मिमी. ७०० सी चा ६२२. म्हणजे त्रिज्या ४ मिमीने कमी होते आणि ब्रेकचं रबर तेवढंच खाली आणावं लागतं. आत्ताच्या ब्रेकच्या खाचेत रबर अजून ४ मिमी सरकायला जागा आहे का, ते चाकं घेण्यापूर्वी पाहा. नसेल तर ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून नव्या रिमच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. टेक्ट्रोचा आर ५३९ हा ब्रेक ४७ ते ५७ मिमीपर्यंत पोचतो, आर ५५९ हा ५५ ते ७३ पर्यंत. बहुतेक जुन्या फ्रेमना दुसराच लागतो. जुन्या फ्रेमला ब्रेक आरपार बोल्ट आणि बाहेरून नट असा बसतो. आजकालचे बरेच ब्रेक आत बुडणाऱ्या नटाचे असतात. तसा मिळाला तर पुढे चिमट्याच्या फक्त मागच्या बाजूचं आणि मागे आडव्या पट्टीच्या फक्त पुढच्या बाजूचं छिद्र ८ मिमी करा. दोन्ही बाजूंनी मोठं केलंत तर ब्रेक कायमचा हलत राहील.

टायर घेताना बाजूवर छापलेला तीन आकडी व्यास वाचा. साध्या काळ्या सायकलीचं २८ × १½ टायर ६३५ मिमीचं असतं. दुकानदार ‘थोडं दाबून बसेल’ म्हणाला तरी ते तुमच्या रिमवर बसवू नका. ट्यूबचं तसं नाही. ७०० × २८-३२ ची ट्यूब २७ × १¼ च्या टायरमध्ये बिनधास्त चालते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब जुन्या रिमच्या ८.५ मिमीच्या भोकात घालणार असाल तर भोकात कमी करणारं वायसर टाका, नाहीतर ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते.

सध्या पैसे नसतील आणि लोखंडी रिमच वापरायची असेल, तर हवा ७० पीएसआयच्या आत ठेवा. त्या रिमच्या कडांना आतून टायर अडकवून ठेवणारा हूक नसतो. जास्त हवेला टायर कडेवरून उडतं, तेही बहुधा उन्हात उभ्या केलेल्या सायकलीचं.

आणि एक : जुनं हब नव्या रिममध्ये वापरणार असाल तर तारा सोडण्याआधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा जुडगा, काढा. फ्रीव्हीलचा ओपनर व्हाइसमध्ये धरून रिम दोन्ही हातांनी फिरवायची असते. चाक उसवल्यावर धरायला काही उरत नाही, आणि मग छिन्नी-हातोडा निघतो.

प्रश्न : शहाद्याहून तोरणमाळला जायचं आहे. पुढे ५२/४२ दाते, मागे १४ ते २४ दात्यांच्या सहा चकत्यांचं फ्रीव्हील आहे. घाटात पायी चढवावी लागते. अकरा गिअर बसवता येतील का?
— वाचक, शहादा

उत्तर : अकरा गिअर बसतील, पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही. तुम्हाला हवा आहे एकच सोपा गिअर. तोरणमाळ साधारण अकराशे मीटरवर आहे आणि चढ बहुतेक सगळा शेवटच्या टप्प्यात आहे.

हिशेब मांडू. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ४२ दात्यांचं चेनव्हील आणि मागे २४ : पायडलच्या एका फेरीत सायकल ३.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या टिकवायच्या तर वेग ताशी १३ किलोमीटर हवा. लांब घाटात तो धडधाकट माणसालाही टिकत नाही. मागे २८ चं फ्रीव्हील घेतलं तर तोच वेग ११.३ वर येतो, ३४ चं घेतलं तर ९.३ वर. सात टक्के चढावर माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर ११.३ आणि ९.३ यातला फरक साधारण चाळीस वॅटचा आहे. पायी चढवणं आणि बसून चढवणं यातला फरक तेवढाच असतो.

स्वस्त उपाय : १४-३४ चं सात चकत्यांचं फ्रीव्हील, लांब पिंजऱ्याचा साधा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि ६-७-८ स्पीडची चेन. जुना रेसरचा डिरेलर २६-२८ च्या पुढे जात नाही, म्हणून तो बदलावाच लागतो. नवा घेताना विचारा की त्याची एकूण क्षमता ३० दात्यांची आहे का. पुढचा फरक १० आणि मागचा २०, असे हे तीस. फ्रेमला डिरेलर लटकवायचा कान नसेल तर एक्सलच्या खाचेत धरणाऱ्या पट्टीचा डिरेलर घ्या. नळीवरचे जुने शिफ्टर ‘टक-टक’ न करणारे असतील तर फेकू नका. त्यांना मागे किती चकत्या आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं.

चेनची लांबी अशी काढा : डिरेलरमधून न ओवता ती पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून फिरवा. टोकं जुळतील तिथे एक इंच, म्हणजे दोन कड्या जास्त ठेवून तोडा. आखूड कापली आणि चुकून मोठा-मोठा गिअर लागला, तर डिरेलर तारांत जाऊन चाकासकट संपतो.

सात चकत्यांचं फ्रीव्हील मागच्या दोन खाचांमधल्या १२६ मिमीच्या जुन्या अंतरात बहुधा बसतं. सगळ्यात लहान चकती आणि फ्रेमची नळी यांच्यात चेन मोकळी फिरते का ते पाहा, अडली तर एक वायसर वाढवून चाकाची मध्यरेषा पुन्हा काढून घ्या. याचा एक दोष मात्र मान्य करायला हवा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे खूप आत असतात आणि एक्सलचं टोक बाहेर लोंबतं, म्हणून तो वाकतो किंवा तुटतो. तुमचं वजन ८५ च्या पुढे असेल किंवा कॅरिअरवर सामान नेणार असाल, तर कॅसेटवालं (चकत्या हबवरच सरकवून बसतात असं) १३० मिमीचं हब घ्या. त्यात छर्रे टोकाजवळ असतात.

मग १२६ ची फ्रेम १३० करायची. दर बाजूला दोनच मिलिमीटर. नुसती हाताने फाकवून चाक बसवलं तरी चालतं, पण दर पंक्चरला कटकट होते. कायमचं करायचं तर हार्डवेअरच्या दुकानातून १० मिमीचा आट्यांचा रॉड आणि चार नट आणा आणि खाचांत आतून नट फिरवत फाकवा. पोलाद परत येतं, त्यामुळे चार मिलिमीटर मिळवायला वीसच्याही पुढे न्यावं लागतं. दर वेळी थोडं पुढे न्या, सोडा, मोजा. शेवटी वरची दोऱ्याची तपासणी पुन्हा करा, कारण चेनच्या बाजूची नळी चेपलेली असते आणि बऱ्याचदा तीच जास्त सरकते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हे कधीही करू नका.

प्रश्न : शेतरस्त्याने आठवड्यात दोन-तीन पंक्चर. बाभळीचे काटे आणि सराटे. उपाय?
— वाचक, चोपडा

उत्तर : बाभळीच्या काट्याचं टोक टायरच्या कापडात मोडून राहतं. आतून हात फिरवला तरी लागत नाही, हवा भरली की पुन्हा टोचतं. म्हणून टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवा. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरवर नेमकी जागा सापडते. तिथे टायर उलटं वाकवा, फट उघडते, नेलकटरने टोक ओढा.

भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर काट्याला दोष देऊ नका. रिमची पट्टी सरकली आहे किंवा तारेचं टोक वर आलं आहे.

सराट्यासाठी ट्यूबमध्ये सीलंट घाला, ते या बारीक भोकांवर चांगलं चालतं. चिमट्यात जागा असेल तर २८ ऐवजी ३२ मिमीचं, आत संरक्षक पट्टा असलेलं टायर घ्या. ७० किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये मागे ६५ ते ७० आणि पुढे ५५ पीएसआय पुरते. जुनी ट्यूब उभी चिरून आत घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. चालते, पण जड होते आणि तिच्या कडा नव्या ट्यूबला घासून भोक पाडतात, म्हणून कडा तिरक्या कापून पावडर लावा. सोल्यूशनची नळी न फोडलेली बाळगा. एकदा उघडलेली नळी आपल्या उन्हाळ्यात पिशवीतच सुकते.

प्रश्न : ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट फ्रेममध्ये जाम झाला आहे. गरम करून काढू का?
— वाचक, भुसावळ

उत्तर : गरम करू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे तापवल्यावर पोस्ट आणखी घट्ट बसतो. भुसावळच्या मे महिन्यात तर नाहीच, हे काम पौष-माघातल्या पहाटेचं आहे.

सीटचा बोल्ट पूर्ण काढा. फटीत गंज सोडवणारं तेल टाका. सायकल उलटी टांगून पायडलच्या एक्सलच्या पोकळीतूनही टाका आणि दोन दिवस थांबा. तेलाने हललं नाही तर अमोनियाचं पाणी वापरा, ॲल्युमिनियमचा पांढरा थर त्याने सुटतो. मग पोस्टला बर्फ लावा, सीट काढून पोस्टचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये आवळा आणि फ्रेमच धरून फिरवा. हलकासा ‘कर्र’ आवाज आला की काम झालं. फिरवत फिरवत वर ओढा.

एवढ्यानेही नाही निघाला तर पोस्ट वरून कापा आणि आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चीर पाडा. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळतं, पण त्यात हायड्रोजन निघतो, द्रावण उकळतं आणि कातडी जळते. घरी करू नका. नवा पोस्ट ग्रीस लावूनच घाला आणि दर वर्षी पावसाळ्याआधी एकदा बाहेर काढा.

प्रश्न : हँडल सरळ असताना ‘खाचेत’ बसल्यासारखं अडतं.
— वाचक, यावल

उत्तर : हँडलच्या कपात छर्ऱ्यांनी खड्डे पाडले आहेत. नवा हेडसेट (हे कप आणि छर्रे यांचा संच) एक इंची, आट्यांचा घ्यावा. तोवर जुगाड : पिंजऱ्यातले छर्रे काढून त्याच मापाचे (बहुधा ५/३२ इंच) सुटे छर्रे भरा. सुटे दोन-तीन जास्त मावतात, त्यामुळे ते जुन्या खड्ड्यांशी जुळत नाहीत. एका छर्ऱ्याहून थोडी कमी जागा मोकळी सोडा.

प्रश्न : कन्नड घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की चिमटा थरथरतो आणि किंचाळी येते.
— वाचक, चाळीसगाव

उत्तर : पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा आणि हँडलच्या नळीच्या सांध्यावर बोट ठेवा. ‘कट कट’ जाणवलं तर हेडसेट ढिला आहे, थरथर त्याचीच. घट्ट असेल तर रबर पाहा. वीस वर्षांचं रबर दगडासारखं होतं, घासून उपयोग नाही, नवं घ्या. बसवताना रबराच्या मागच्या टोकाखाली दुमडलेलं पोस्टकार्ड ठेवून आवळा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल. किंचाळी याने जाते.

केबलचं बाहेरचं कव्हर आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घ्या. ब्रेकला गिअरचं कव्हर कधीही लावू नका. त्यातल्या तारा उभ्या असतात, जोरात ब्रेक दाबला की ते फुटतं, आणि ते घाटातच फुटतं. ब्रेकच्या कव्हरमध्ये तारेची गुंडाळी असते. हँडलच्या वरच्या सरळ भागाला समांतर येणारे जादा लिव्हर असतील तर काढून टाका. ते दिसायला सोयीचे वाटतात, पण अर्धवट दाबले जातात.

प्रश्न : क्रँक डुगडुगते. मिस्तरी कॉटर ठोकून देतो, पुन्हा तेच.
— वाचक, पाचोरा

उत्तर : कॉटर म्हणजे क्रँक एक्सलला धरून ठेवणारी पाचरीसारखी खीळ. ती ठोकताना क्रँकखाली आधार नसेल तर घाव छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. क्रँकखाली जमिनीवर टेकलेला लोखंडी पाइप उभा ठेवा, मगच ठोका. काढताना नट कॉटरच्या टोकाशी समपातळीत ठेवून त्यावर घाव घाला, म्हणजे आटे मरत नाहीत. नट कॉटर ओढायला नसतो, फक्त धरून ठेवायला असतो. आधी ठोकून बसवा, मग नट आवळा, चार-पाच किलोमीटर चालवा, पुन्हा ठोकून पुन्हा आवळा. कॉटर ९ आणि ९.५ मिमी अशा दोन जाडीत येते. जुनी हातात घेऊनच दुकानात जा.

कायमचा इलाज म्हणजे चौकोनी एक्सलचं बंद बेअरिंग आणि त्याची क्रँक. बहुतेक फ्रेमना ६८ मिमी रुंदीचं, इंचाला २४ आट्यांचं इंग्लिश माप चालतं, पण रॅले कंपनीच्या जुन्या सायकलींत २६ आटेही सापडतात, म्हणून आधी मोजा. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने कितीतरी फ्रेमचे आटे गेले आहेत.

प्रश्न : जुन्या फ्रेमला डिस्क ब्रेक वेल्ड करून मिळतील का?
— वाचक, नंदुरबार

उत्तर : नको. चिमट्याचा डावा पाय त्या ताणासाठी बनवलेलाच नसतो. शिवाय आर्क वेल्डिंगने पातळ नळी जळते. अशा फ्रेमचे जोड मुळात पितळेने केलेले असतात.

प्रश्न : पावसाळ्यात काळ्या मातीतून सायकल जाते. आतून गंजू नये म्हणून काय करावं?
— वाचक, अमळनेर

उत्तर : बाहेरचा चिखल सुकू द्या, मग लाकडी पट्टीने खरवडा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवू नका, पाणी थेट छर्ऱ्यांत जातं. पायडलच्या एक्सलच्या पोकळीखाली छिद्र असेल तर त्यात अडकलेली माती तारेने मोकळी करा. ते छिद्र पाणी बाहेर पडायलाच असतं, आणि रंगवताना ते नेमकं बुजवलं जातं.

आतून लावायला जवसाचं तेल उत्तम, पण स्वयंपाकाचं नव्हे. रंगाच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड मिळतं. सीटपोस्ट, हेडसेट आणि पायडलचा एक्सल काढा, नळ्या दोन दिवस वाळू द्या. मग प्रत्येक नळीत थोडं तेल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जादा तेल निथळू द्या. आठवडाभरात आत कडक पापुद्रा धरतो. आट्यांवर सांडलेलं तेल लगेच पुसा, सुकल्यावर ते डिंकासारखं बसतं. पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवा, किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.